खानदेशांतील फड

स्वावलंबी गांव म्हटलें कीं सुतार, लोहार, कुंभार अशा बलुतेदारांची रांग डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु बलुतेदाराच्या पदरीं पडणारें धान्य ज्या शेतांतून येई, त्या शेतास पाणी कोठून मिळे आणि तें कोणत्या न्यायानें वांटलें जाई, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. खानदेश व बागलाण येथील शेतकऱ्यांनीं या प्रश्नाचें जें उत्तर शोधून काढलें, त्याचेंच नांव फडपद्धति.

सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस मुबलक पडतो. पण पूर्वेकडील सपाटीवर उतरतांच त्याचा हात आखडतो. धुळ्याच्या आसपास वर्षाकाठीं २० ते २५ इंचांपलीकडे त्याची सरासरी फारशी जात नाहीं. मात्र पांझरा, कान, बुराई, मोसम, आरम या नद्या डोंगरांतील पाणी घेऊन याच कोरड्या मुलखांतून वाहतात. या नद्यांच्या पात्रांत एकाखालीं एक असे दगडी बंधारे घालण्याची वहिवाट तीन-चारशें वर्षांची मानली जाते. हे बंधारे धरणासारखें पाणी सांठवीत नाहींत. वाहत्या प्रवाहास अडवून बाजूच्या पाटांत वळवितात, एवढेंच. उरलेलें पाणी बंधाऱ्यावरून ओसंडून खालच्या गांवाच्या बंधाऱ्याकडे जातें.

परंतु या पद्धतीचें खरें मर्म दगडाचुन्यांत नाहीं, जमिनीच्या वांटणींत आहे. एका बंधाऱ्याखालीं भिजणाऱ्या सर्व क्षेत्रास थळ म्हणतात. या थळाचे बहुधा तीन किंवा चार मोठे भाग पाडलेले असत, तेच फड. एका फडांत एका हंगामास एकच पीक. एकांत उंस असला, तर दुसऱ्यांत गहूं किंवा हरभरा, तिसऱ्यांत आणखी एखादें हंगामी पीक, आणि पुढील वर्षीं पिकांची पाळी बदले. त्यामुळें जमिनीचा कस टिके आणि पाणी एका वेळीं एकाच सलग पट्ट्यांत फिरल्यानें त्याची नासाडी कमी होई. यांतील खरी खुबी अशी कीं, प्रत्येक शेतकऱ्याची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडांत असे. उंसाचा लाभ एकट्याच्या वांट्यास जात नसे आणि कोरड्या फडाचें दुःखही एकट्याच्या माथीं बसत नसे.

शहरांत नळाची तोटी फिरवितांच पाणी मिळणाऱ्या श्रोत्यांस एक नियम नवलाचा वाटेल. आपल्या शेतास पाणी देण्याचा अधिकार खुद्द शेताच्या धन्यास नव्हता! तें काम पाटकऱ्याचें. पाटकरी हा सर्वांनीं मिळून नेमलेला चाकर. तो ठरल्या क्रमानें शेतामागून शेत भिजवी. जागल्या उभ्या पिकाची राखण करी आणि त्यांवर हवालदाराची देखरेख असे. त्यांची मजुरी सुगीच्या वेळीं धान्याच्या रूपानें दिली जाई. सर्वांवर गांवकीचे पंच. पाटांतील गाळ काढावयाचा झाला, कीं सर्व खातेदारांनीं हजर राहावें, हा शिरस्ता होता.

अवर्षणांत या व्यवस्थेची कसोटी लागे. नदी आटूं लागली, कीं कोणता फड भिजवावयाचा आणि कोणता सोडावयाचा, हें पंच ठरवीत. प्रत्येकाचा वांटा सर्वच फडांत असल्यामुळें, सोडलेल्या फडाची झळ सर्वांस सारखी लागे. म्हणूनच तो निर्णय मान्य होई. १८०२ सालची सैन्यांची लुटालूट आणि १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ यांनीं खानदेश उजाड केला. १८१८ सालीं इंग्रजी अंमल आला, तेव्हां अनेक बंधारे मोडकळीस आले होते. तरीही ही वहिवाट पुढें चालूं राहिली.

विश्वेश्वरय्या १८८४ सालीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत रुजू झाले. त्यांच्या आरंभींच्या कामांपैकीं एक खानदेशांत, पांझरेच्या पाटावरील होतें. पुढें १८९९ च्या सुमारास दख्खनच्या कालव्यांसाठीं त्यांनीं सुचविलेल्या ‘ब्लॉक’ पद्धतींतही पिकांची पाळी व पाण्याची विभागणी आहे. फडाशीं तिचें साम्य सहज ध्यानांत येतें.

ही व्यवस्था निर्दोष मात्र नव्हती. ज्याची जमीन थळाबाहेर, त्यास पाटाच्या पाण्यांत वांटा नसे. आणि हवें तें पीक घेण्याची मुभा कोणासच नसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत याच नद्यांवर वरच्या अंगास धरणें झालीं आणि पाणी केव्हां सोडावयाचें, हा निर्णय पंचांच्या हातून सरकारी कचेरीकडे गेला. विहिरी आणि विजेचे पंप आले. ज्याच्या विहिरीस पाणी, त्यास पाटकऱ्याची व शेजाऱ्याची गरज उरली नाहीं. ठिकठिकाणीं फड मोडले; दगडी बंधारे मात्र उभे राहिले.

२००५ सालीं महाराष्ट्र शासनानें कायदा करून सिंचनाची व्यवस्था शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोंपविण्याचें ठरविलें. ज्या गोष्टीसाठीं आतां कायदा लागला, ती खानदेशच्या कुणब्यांनीं केवळ वहिवाटीच्या बळावर शतकानुशतकें चालविली होती. बंधारा पुन्हां बांधतां येतो. परंतु टंचाईंत शेजाऱ्याबरोबर आपलेंही शेत कोरडें ठेवण्याची तयारी एकदां गेली, तर ती कोणत्या गवंड्याकडून बांधून घ्यावयाची?