भीमजी पारेखांचा मुद्रक

सुरतेचे सावकार भीमजी पारेख हे ईस्ट इंडिया कंपनीचे दलाल होते. परंतु दलालीवर संतुष्ट राहणाऱ्यांपैकी ते नव्हेत. 1669 मध्ये काजीच्या जाचाला कंटाळून सुरतेचे हजारो वाणी शहर सोडून भडोचेस निघून गेले, तेव्हा त्यांचे पुढारीपण भीमजींकडे होते. पुढच्याच वर्षी त्यांनी कंपनीकडे एक निराळीच मागणी केली. ब्राह्मणांचे प्राचीन ग्रंथ छापून काढावेत अशी त्यांची उत्कट इच्छा होती आणि त्यासाठी विलायतेहून एखादा जाणता मुद्रक मुंबईस धाडावा, अशी त्यांची विनंती होती.

कंपनीने ती मानली. 1674 मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक सालिना 50 पौंड वेतनावर हिंदुस्थानात उतरला. यंत्र आले, कागद आला, खिळेही आले. परंतु नागरी किंवा वाणी वळणाचे एक अक्षरही कागदावर उमटेना. दोष यंत्रात नव्हता, शाईतही नव्हता. हिल्स हा छापणारा होता, अक्षरे पाडणारा नव्हता. पोलादाचा ठसा कोरणे, त्यावरून साचा करणे, त्यात धातू ओतून खिळा काढणे हा सर्वस्वी वेगळा कसब. शिवाय रोमन लिपीचे काम थोड्या खिळ्यांत भागते; काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांचा संसार मांडायचा तर नागरीला शेकड्यांनी खिळे लागतात. रोगाचे निदान सुरतेच्या वखारीत अखेर बरोबर झाले आणि ओतारी पाठविण्याबद्दल विलायतेस पत्रे गेली. तोवर भीमजींनी आपली माणसे कामास लावून वाणी अक्षरांत काही कागद छापून घेतले. ते सुवाच्य असल्याचा निर्वाळा वखारवाल्यांनीच दिला आहे. मात्र काम फार खर्चाचे आणि वेळखाऊ, अशी पुस्तीही जोडली आहे. भीमजींचा ग्रंथ काही निघाला नाही.

शिवाजी महाराजांनी एक छापखाना आणविला होता व तो चालेना म्हणून याच भीमजींना विकला, अशी एक आख्यायिका आहे. मराठी मनाला ती गोड वाटते, परंतु तिला समकालीन कागदाचा आधार नाही.

गंमत अशी, की त्याआधीच, 1667 मध्ये, आम्स्टरडॅम येथे छापलेल्या आथानासिउस किर्चर यांच्या चीनविषयक ग्रंथात नागरी वर्णमाला झळकली होती. पण अक्षरे म्हणून नव्हे, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र म्हणून! चित्राला खिळ्यांचे बंधन नसते. पुढे पुण्यात नाना फडणिसांनी गीता छापण्याचा घाट घातला तोही याच वाटेने. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्याकडे शिकलेल्या एका तांबटाकडून पत्रे कोरून घेण्याचे काम सुरू झाले. 1800 मध्ये नाना वारले, काम खोळंबले, आणि 1805 मध्ये मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने ती गीता छापून निघाली. त्याच साली श्रीरामपुरास विल्यम केरीचे मराठी व्याकरण नागरी खिळ्यांत छापले गेले.

या दोन वाटा एका पानावर आणणे मात्र जिकिरीचे होते. खिळ्याचा उंच भाग शाई घेतो, तांब्याच्या पत्र्यातील खोल रेघ शाई धरते. एकाच दाबाखाली दोन्ही छापता येत नाहीत. शिळाप्रेसने ही अडचण दूर केली, कारण दगडावर अक्षर आणि चित्र यांना सारखाच मान. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मराठी पंचांग छापले ते शिळेवरच.

आज भीमजींच्याच शहरात, खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांच्या गोडादरा वस्तीत लग्नपत्रिका संगणकावर जुळविली जाते. तेथे तक्रार उलटी असते: मजकूर स्वच्छ उमटतो आणि गणपतीची चौकट कोरी राहते. मजकुराला छपाईयंत्राची थोडीच स्मृती पुरते; चित्राचा ठिपकान् ठिपका त्याच्याकडे पोहोचवावा लागतो. स्मृती अपुरी पडली, संगणक व यंत्र यांमधील दुभाषा आज्ञावली चुकली, किंवा कच्च्या छपाईची खूण चुकून राहिली, तर चित्र गळते. तेच चित्र दुसऱ्या आज्ञावलीतून छापून पाहावे. ते उमटले तर दोष मजकूर जुळविणाऱ्या आज्ञावलीच्या मांडणीत शोधावा. तेथूनही उमटले नाही, तर दुभाषाकडे किंवा यंत्राकडे वळावे. हिल्सचे यंत्र उघडून पाहण्याऐवजी सुरतेच्या वखारवाल्यांनी ओतारी मागविला, तोही असाच एकेक शक्यता बाजूला सारून.