मुख्य नाम कोणते? : भोपाळच्या कागदपत्रांतले व्याकरण

इंग्रजी व्याकरणात नाउन फ्रेज नावाचे एक प्रकरण आहे. आपण त्याला नामपदबंध म्हणू. त्यात एक मुख्य नाम असते. त्याच्या अलीकडे विशेषणे येतात आणि पलीकडे 'ऑफ', 'विच' यांनी जोडलेला तपशील. मराठीत हा सगळा संसार बहुधा नामाच्या अलीकडेच थाटावा लागतो. 'मांडवीच्या काठावरचे जुने कौलारू घर' असे आपण म्हणतो. इंग्रजीत घर आधी येते आणि मांडवी शेवटी. आमच्या आधीच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून असले धडे घोकले. पण हा विषय परीक्षेतल्या गुणांपुरता नाही, हे कचेरीत फायली वाचताना कळते. त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण भोपाळचे.

2 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या ई-610 क्रमांकाच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली, लाखो बाधित झाली. पुढे 29 मार्च 1985 रोजी संसदेने कायदा केला. त्याच्या नावात या घटनेला 'भोपाळ गॅस लीक डिझास्टर' म्हटले आहे. चार नामे एकापुढे एक, मध्ये एकही प्रत्यय नाही! मराठीत अशी उतरंड सोडवायला बसलो की लगेच प्रश्न येतो: वायू कोणाचा? नावात गाव आहे, वायू आहे, गळती आहे, आपत्ती आहे. मालक तेवढा नाही.

मालक सापडतो तो कायद्याच्या व्याख्येत. तिथे मुख्य नाम आहे 'ऑकरन्स', म्हणजे घटना. त्याच्या मागे लांबलचक तपशील जोडला आहे, आणि त्यात कंसात कंपनी येते. मराठीत सारांशाने तो पदबंध असा होईल: अमेरिकेतल्या युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनची उपकंपनी असलेल्या युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडच्या भोपाळमधील कारखान्यातून अत्यंत घातक वायू बाहेर पडून मोठी जीवित व वित्तहानी झाल्याची घटना. वाचताना दम लागतो खरा, पण यातला एकही शब्द फुकट नाही. 'ची उपकंपनी असलेल्या' या तीन शब्दांत सगळा वाद होता. त्या नात्याच्या जोरावरच भारत सरकारने एप्रिल 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात मूळ कंपनीवर दावा लावला. 1986 मध्ये तो भारतात परत पाठवला गेला आणि 1989 मध्ये 47 कोटी डॉलरांवर तडजोड झाली.

फौजदारी खटल्यात तर नामपदबंधानेच शिक्षा ठरली. आरोप होता भारतीय दंड संहितेच्या कलम 304 च्या दुसऱ्या भागाखाली: 'कल्पेबल होमिसाइड नॉट अमाउंटिंग टू मर्डर', म्हणजे खून न ठरणारा सदोष मनुष्यवध. इथे मुख्य नाम 'वध'. शेपटाने त्याला खुनापासून वेगळे काढले, तरी तो वधच राहिला. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. पण कृत्याने मृत्यू ओढवू शकेल याची जाणीव आरोपींना होती हे दाखवायला पुरावा पुरेसा नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 13 सप्टेंबर 1996 रोजी आरोप 304-अ वर आणला: हयगयीने मृत्यूस कारण होणे. वध गेला, मृत्यू उरला. आणि कमाल शिक्षा झाली दोन वर्षे! 7 जून 2010 रोजी भोपाळच्या न्यायालयाने हयात असलेल्या सात भारतीय अधिकाऱ्यांना तेवढीच दिली. जुने कलम परत लावावे हा सीबीआयचा अर्ज 2011 मध्ये फेटाळला गेला. मूळ कंपनीचे प्रमुख वॉरन अँडरसन 2014 मध्ये वारले. त्यांच्यावर खटला चाललाच नाही.

1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. हयगयीने होणाऱ्या मृत्यूला तिच्या कलम 106 मध्ये आता पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भोपाळला त्याचा उपयोग नाही.

आपल्या गोव्यात खाणीचा परवाना असो की जमिनीच्या रूपांतराची अधिसूचना, कागद बहुधा इंग्रजीतच हाती पडतो. लांब पदबंध दिसला की त्यातले मुख्य नाम आधी शोधावे. मग त्याच्या मागचा-पुढचा तपशील मराठीत मांडून प्रत्येक शब्दाला 'कोणाचा?' असे विचारावे. ज्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, तिथे बोट ठेवावे. सही त्यानंतर.