एक पाणी, तीन दप्तरे

मराठी साहित्यात दुष्काळ पुष्कळ आला आहे. पाण्याचा हक्क मात्र त्या मानाने फार थोडा. आभाळ फिरले, विहीर आटली, माणूस गाव सोडून गेला, हे आपण वाचत आलो. परंतु आटण्यापूर्वी त्या विहिरीतले पाणी कुणाचे होते, हा प्रश्न कथा-कादंबरीपेक्षा कायद्याच्या दप्तरांनी अधिक बारकाईने हाताळलेला दिसतो. म्हणून एका नदीपुरते का होईना, आम्ही येथे त्या दप्तरांकडे वळत आहोत.

ती नदी म्हणजे येरळा. साताऱ्याच्या खटाव तालुक्यात उगम पावून ती सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. आज हे दोन जिल्हे असले, तरी 1949 साली दक्षिण सातारा वेगळा होईपर्यंत, संस्थानी गावे वगळता, हा मुलूख एकाच जिल्ह्यात मोडत होता. नदी पर्जन्यछायेतली. पाऊस सरला की पात्रात वाहते पाणी उरत नाही, उरते ती वाळू. ती वरून तापते, पण पोटात ओल धरते, आणि काठच्या विहिरी त्या ओलीवर जगतात. शेतकऱ्याच्या लेखी नदी, वाळू आणि विहीर ही एकाच पाण्याची तीन रूपे आहेत.

सरकारी लेखी मात्र ती तीन निराळी प्रकरणे ठरली. जमिनीखालचे, ठरावीक प्रवाह नसलेले पाणी आपल्या हद्दीत गोळा करून वापरण्याचा जमीनमालकाचा हक्क 1882च्या सुविधाधिकार कायद्याने मान्य केला. 1891 साली तो मुंबई इलाख्यास लागू झाला. त्याआधीच, 1879च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने, अधिसूचना काढून नदीचे पाणी कालव्यांसाठी ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारकडे आला होता. पुढे वाळू गौण खनिज म्हणून महसूल खात्याच्या लिलावात गेली. विहीर सातबाऱ्यावर, नदी पाटबंधारे खात्यात आणि वाळू महसुलात, अशी एकाच पाण्याची तीन दप्तरे झाली.

यांपैकी विहिरीचे दप्तर सर्वांत घरगुती. भावाभावांत वाटणी झाली की विहीर कापता येत नाही. वाटली जाते ती पाण्याची पाळी. मोटेच्या काळी ती दिवसांनी मोजत; मोटेच्या जागी इंजिन आणि पुढे विजेचा पंप आल्यावर ती तासांवर आली. खरेदीखतात जमिनीसोबत विहिरीतला हिस्साही विकला जातो. या व्यवस्थेत न्याय नव्हता असे नाही, आणि टंचाईच्या दिवसांत तिने पुष्कळ तंटे मिटवलेही असतील. परंतु तो न्याय बांधाच्या आतला होता. ज्याला जमीन नाही, त्याला पाळी नाही.

ही चौकट हलली ती खानापूर तालुक्यात. 1982 साली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अनेक गिरणी कामगार आपल्या दुष्काळी गावांत परतले. त्यांच्या आणि शेतकरी-शेतमजुरांच्या एकजुटीतून मुक्ती संघर्ष चळवळीने तिथे मूळ धरले. भारत पाटणकर हे तिच्या नेत्यांपैकी एक. त्यांचे आईवडील साताऱ्याच्या प्रतिसरकारातले. दुष्काळी कामावर खडी फोडण्यापेक्षा दुष्काळच का पडतो, असे ही माणसे विचारू लागली, आणि विचारता विचारता येरळेच्या पात्रात येऊन पोहोचली. तिथून वाळूच्या गाड्या भरून चालल्या होत्या. वाळू उपसली की ओल जाते आणि ओल गेली की काठची विहीर खाली जाते, हे लोकांनी एका वाक्यात मांडले. तीन दप्तरांची गाठ अशी पात्रात उभे राहून घातली गेली.

बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी ठेकेदारांचा उपसा अडवला. थोडी वाळू स्वतः विकून तिच्या पैशातून बंधारा बांधायचा, असे त्यांनी ठरवले. अभियंते के. आर. दाते यांचे तांत्रिक साहाय्य मिळाले आणि 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात, सरकारी नकारांशी झगडत, बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. पण आम्हाला महत्त्वाची वाटते ती भिंत नव्हे, तर वाटपाचे तत्त्व : पाण्याचा हिस्सा प्रत्येक कुटुंबाला सारखा, मग त्याला जमीन असो वा नसो. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने 1970च्या दशकात पाणी जमिनीशी न जोडता माणशी मोजले होते. तोच विचार येथे नदीच्या पात्रात उतरला.

धरणाच्या नावाकडेही साहित्याच्या अभ्यासकाने पाहायला हवे. पुराणातल्या बळीला शेतकऱ्यांचा राजा म्हणून मांडणारे जोतीराव फुले यांचे मूळ गाव कटगुण. येरळा उगम पावते त्याच खटाव तालुक्यातले. ‘शेतकऱ्याचा असूड’ (1883) या ग्रंथात त्यांनी पावसाचे पाणी शेतात मुरेल असे बांध आणि तळी सरकारने बांधावीत, भूमिगत पाण्याचा शोध घ्यावा, असे सुचवले होते. म्हणजे पृष्ठभागावरचे आणि भूगर्भातले पाणी एकत्र पाहणारी दृष्टी मराठी गद्यात त्या कायद्यांच्या काळातच होती. कायदे एका वाटेने गेले, ग्रंथ दुसऱ्या.

अर्थात बंधारा पाऊस पाडत नाही. 1993 साली आटपाडीत पाणी परिषद भरली. नागनाथअण्णा नायकवडी यांनी दुष्काळी तालुक्यांना कृष्णेच्या पाण्यासाठी एकत्र आणले. टेंभू योजनेने ते पाणी डोंगर चढून आलेही. भूजलाचा 2009चा राज्य कायदा विहिरीच्या मालकीला काही मर्यादा घालतो. तरीही विंधनविहीर जितकी खोल जाते, तितका जुना हक्क तिच्यासोबत खोल जातो. आणि वर उचलून आणलेल्या पाण्याचे माप जमिनीने करायचे की माणसाने, हा बलवडीचा प्रश्न प्रत्येक नव्या नळाच्या तोंडाशी उभा राहतो. आपल्या साहित्यात विहीर आटली आहे, तशी ती कधी तरी वाटलीही जायला हवी.