पिशवी काढल्यानंतरची दुखणी

आपल्या तेलगावात साखर कारखाना आहे, तरी दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. पाळीमुळे बाई एक दिवस बसली तरी खाडा, आणि खाड्याचे पैसे कापायचे. म्हणून ‘पिशवी काढून टाक’ हा सल्ला आपल्याकडे सोपा वाटत गेला. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहात एक!

आकड्याचा गवगवा झाला. पुढच्या दुखण्याचा नाही. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर पंचेचाळिशीनंतर हळूहळू यायचं ते तिशी-पस्तिशीतच एकदम येतं. गुडघे, खांदे, बोटं आखडतात, अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात. आणि त्याच गुडघ्यांवर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. आम्हा बायकांत याला ‘वात’ म्हणतात. पण वाताच्या गोळीआधी डॉक्टरांना ऑपरेशनचं सांगायला हवं. त्या वेळचा कागद असेल तर न्यावा. अंडाशयं ठेवली की काढली, ते त्यावरून कळतं.