नक्षत्रांची कातडी

कासारसाईच्या धरणावर संध्याकाळी गेलात, तर पाण्यावर एखादी तरी घार फिरताना दिसतेच. पंख न हलवता, गोल गोल. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींकडे पाठ करून तिच्याकडे बघत बसणं हा माझा आवडता उद्योग. एकदा असंच बघताना दिसलं, की तिच्या डाव्या पंखात एका पिसाची जागा रिकामी आहे. पक्ष्यांचं बरं असतं. जुनं पीस झडतं, त्याच जागी नवं येतं. माणसाने बनवलेल्या ग्लायडरला ही सोय नाही. त्याची कातडी माणसानेच खरवडायची आणि माणसानेच परत चढवायची.

ग्लायडर म्हटलं की पुणेकराला हडपसर आठवतं. कासारसाईहून ते शहराचं अगदी दुसरं टोक. तिथल्या मैदानावरून विंचच्या दोरीने ओढून वर सोडलेली ग्लायडरं सोलापूर रस्त्याने जाणाऱ्या कित्येकांनी मान वर करून पाहिली असतील. पण ही ग्लायडरं आपल्याच देशात, सरकारी नागरी विमान वाहतूक खात्यातल्या अभियंत्यांनी आखली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आणि त्यांची नावं! १९५८ साली अश्विनी. १९६१ साली भरणी आणि रोहिणी. १९६३ साली कार्तिक, म्हणजे कृत्तिकाच म्हणा. १९७० साली मृगशीर आणि १९७९ साली आर्द्रा. रोहिणीने जरा घाई करून कार्तिकच्या आधी नंबर लावला, एवढं सोडलं तर पंचांगातल्या क्रमाने सहा नक्षत्रं. सरकारी खात्यात कुणीतरी रसिक माणूस बसला असणार!

ही सगळी घराणी लाकडाची. आत लाकडी फासळ्या, पुढच्या कडेला पातळ प्लायवूड आणि उरलेल्या भागावर ताणून बसवलेलं कापड. नुसतं कापड हवेत टिकत नाही, म्हणून त्यावर डोप लावायचं. डोप म्हणजे सेल्युलोजपासून केलेलं, वार्निशासारखं पातळ द्रावण. पिकलेल्या केळ्यासारखा वास, आणि ठिणगी पडली तर भडकायला तयार. ते वाळताना आकसतं आणि कापड ढोलकीच्या पानासारखं ताठ होतं. त्यावर ॲल्युमिनियमची भुकटी मिसळलेले चंदेरी हात द्यायचे. ही चांदी दिसण्यासाठी नसते. उन्हातले अतिनील किरण कापडाचे धागे कुजवतात, त्यांना अडवण्यासाठी असते.

पण उन्हापुढे डोपचंही काही चालत नाही. वर्षं गेली की ते कडक होतं, त्याला बारीक तडे जातात, तड्यांतून ओल आत शिरते. सोपा उपाय म्हणजे वरून आणखी एक हात मारणं. हा मोह भल्याभल्यांना होतो, आपण घराच्या भिंतींना करतो तसा. पण इथे प्रत्येक थराला वजन असतं. सुकाणूसारख्या हलत्या भागांवर मागच्या बाजूला थोडा जास्त रंग बसला तरी तोल बिघडतो, आणि वेगात तो भाग थरथरायला लागून तुटू शकतो. म्हणून खरं काम म्हणजे सगळं उतरवणं, नवं कापड लावणं, नव्याने डोप देणं आणि शेवटी ग्लायडर परत तोलून बघणं.

मला या कामातला सर्वात महत्त्वाचा दिवस वाटतो तो कापड उतरवल्यानंतरचा. वर्षानुवर्षं झाकलेल्या फासळ्या त्या दिवशी उघड्या होतात. कुठे सरस सुटलाय, कुठे लाकूड ओलीने काळं पडलंय, कुठे उंदराने संसार थाटलाय, हे तेव्हाच नीट कळतं. रंग चकचकीत आहे म्हणून पुढे ढकललेलं काम ही निव्वळ आळसाची गोष्ट राहत नाही. आत बसणाऱ्याच्या जिवाशी ती गाठ असते.

आता ग्लायडर फायबरग्लासची असतात. पहिलं जर्मनीतलं फिनिक्स, १९५७ सालचं, म्हणजे आपल्या अश्विनीच्या आदल्याच वर्षीचं. कापड गेलं, डोप गेलं, पण दुखणं राहिलं. वरच्या पांढऱ्या जेलकोटला ऊन, ओल आणि उंचावरची थंडी मिळून कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पाडतात. तो पॉलिश पेपरने, पाणी मारत, बराचसा हाताने घासून काढावा लागतो. शेकडो तासांचं काम! यंत्र जोरात फिरवलं तर खालचे काचेचे धागेच कापले जातात. शिवाय रंगही आवडीचा लावता येत नाही. गडद रंग तापतो आणि आतलं रेझिन उष्णतेने मऊ पडतं. म्हणून सगळी पांढरी.

आपल्याकडच्या लाकडी ग्लायडरांना आणखी एक शत्रू होता, पाऊस. दमट हवेत डोप लावलं, तर त्यातलं द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंगावर पांढुरकी साय येते. तो थर कच्चा, पुन्हा काढा. म्हणजे पुण्यात हे काम साधायचं ते कोरड्या महिन्यांत, नेमकं उडायलाही हवा चांगली असते तेव्हाच. आणि गंमत बघा, शेवटच्या दोघांची नावं मृग आणि आर्द्रा! शेतकऱ्याला विचारा, जूनमधली ही पावसाची नक्षत्रं. 'आर्द्रा'चा तर अर्थच मुळी ओली.

त्यातली आर्द्रा हिंदुस्तान एरोनॉटिक्सने एनसीसीच्या मुलांसाठी बांधली. नंतर खात्याने 'स्वाती' नावाचं छोटं इंजिनाचं विमान केलं, पण ग्लायडरांची नक्षत्रमाला आर्द्रापाशीच थांबली. पंचांगात पुढे पुनर्वसू येतं. त्याच्या पावसाला आपल्याकडे 'तरणा' म्हणतात.