तळाचे झाकण

मराठीच्या अध्यापकाने पेचकस हाती धरावा काय, या प्रश्नावर आमच्या विभागात गेल्या पावसाळ्यात बराच खल झाला. निमित्त घडले ते असे. आम्हा दोघांचेही गुरू आणि पुढे ज्येष्ठ सहकारी झालेले सर वारले, आणि त्यांच्या पश्चात काकूंनी त्यांचा लॅपटॉप एका कापडी पिशवीत घालून विभागात आणून दिला. सरांनी इगतपुरी आणि त्र्यंबक तालुक्यांतील गावांतून पंचवीसएक वर्षे शब्द वेचले होते. भातशेतीचे, पावसाच्या तऱ्हांचे, डोंगरउतारांचे. राब, आवण यांसारखे सर्वांना ठाऊक असलेले शब्द त्यांत होतेच. पण एकाच गावात ऐकलेले आणि पुन्हा कोठेही न भेटलेलेही होते. ती यादी या यंत्रात होती. यंत्र सुरू केले की पडदा उजळे, आतून घड्याळासारखी टकटक ऐकू येई, आणि मग काळोख.

शहरातल्या एका दुकानात आम्ही ते दाखवले. "सर, २०१२चं मॉडेल आहे. याच्यात पैसे घालण्यापेक्षा नवीन घ्या," असा सल्ला मिळाला. सल्ला व्यवहाराला धरूनच होता. पण नव्या यंत्रात सरांची यादी कशी येणार, यावर दुकानदाराने खांदे उडवले, आणि आम्ही पिशवी उचलून परत आलो.

साहित्याच्या इतिहासात एकुलत्या एका प्रतीची भीती नवी नाही. म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले, ती मूळ पोथी पुढे परचक्राच्या धामधुमीत हरवली आणि पंथीयांनी आपापल्या स्मरणातून ते पुन्हा उभे केले, असे महानुभाव परंपरा सांगते. आज आपण वर्गात ज्या पाठभेदांची चर्चा करतो, त्यांच्या मुळाशी ही हानी आहे. म्हाइंभटांच्या पोथीला निदान पाठ करणारे शिष्य होते. सरांच्या यादीला आम्ही होतो, आणि आम्हांला त्यातले पन्नास शब्दही धड सांगता आले नसते.

तेव्हा यंत्र उघडायचे ठरले. विभागातील एक मत असे होते की हे आपले काम नव्हे. या मताशी आमचे जमत नाही, आणि त्याचे कारण नाशिकच्या इतिहासातच आहे.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. तेथे सहली जातात, छायाचित्रे निघतात, आणि 'भारतीय चित्रपटाचे जनक' हे बिरुद वाचून मंडळी कारंज्याकडे वळतात. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या या माणसाने १९१२च्या आरंभी विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवला, एवढे बहुतेकांस ठाऊक असते. पुढचा भाग आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. यंत्र दादरच्या घरी आले ते पेट्यांमधून, आणि सोबतच्या आराखड्यावरून फाळक्यांनी ते स्वतः जोडले. त्या काळी कच्ची फिल्म कडेच्या छिद्रांवाचून येई. ती छिद्रे पाडण्याचे वेगळे यंत्र असे आणि काम अंधारात करावे लागे. हे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या. स्वयंपाकपाणी आवरून रात्री काळोखात फूट-फूट फिल्म यंत्रातून सरकवणाऱ्या या बाईंचा उल्लेख आपल्या वाङ्मयेतिहासात नाही, आणि चित्रपटाच्या इतिहासातही तो पुष्कळदा केवळ कौतुकापुरता येतो. वास्तविक एखादे छिद्र वेडेवाकडे पडले तरी पडद्यावरचे चित्र उड्या मारू लागते. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला, त्यामागे हे हातही होते.

त्याआधी फाळक्यांनी कुंडीत रुजत घातलेल्या वाटाण्याची रोज थोडी थोडी चित्रे घेऊन 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला आणि त्याच्या बळावर भांडवल मिळवले. यंत्राच्या आत काय फिरते हे ठाऊक असल्याखेरीज ही कल्पनाच सुचली नसती. कॅमेऱ्याची मूठ सलग फिरवायची, असे पुस्तकात लिहिलेले असते. एकेक चौकट थांबवून घेता येते, हे ज्याने दातेरी चक्र पाहिले आहे त्यालाच दिसते. पहिल्या चित्रपटाच्या यशानंतर ते नाशिकला आले. 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' येथे घडले, १९१८ साली हिंदुस्तान फिल्म कंपनी येथेच उभी राहिली, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचा अंतही याच गावी झाला.

कोल्हापूरचे उदाहरण याहून कडवे आहे. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले आतेमामे भाऊ, नाटकांचे पडदे रंगवणारे. 'राजा हरिश्चंद्र'नंतर दोघांना सिनेमाने झपाटले. त्यांनी काही काळ चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय केला आणि त्याच सुमारास स्वतःचा कॅमेरा बनवण्याचा घाट घातला. आता प्रक्षेपक आणि कॅमेरा ही तत्त्वतः सख्खी भावंडे. दोहोंतही फिल्म क्षणभर थांबते, प्रकाश आत किंवा बाहेर जातो, नख्या ती पुढे ओढतात. एकाचे पोट उघडून पाहणाऱ्याला दुसऱ्याचे अर्धे गुपित कळते. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी, म्हणजे बाबूराव पेंटरांनी, विष्णुपंत दामले यांना बरोबर घेऊन १९१८मध्ये कॅमेरा पुरा केला. 'सैरंध्री' १९२०चा. दामले पुढे प्रभात कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले, म्हणजे 'संत तुकाराम'पर्यंत जाणारी एक वाट त्या हातघडणीच्या खोक्यातून निघते. चित्रकार, पडदे रंगवणारा, सुतारकाम-लोहारकाम जाणणारा आणि दिग्दर्शक हे चार निरनिराळे मनुष्य असले पाहिजेत, असे त्या पिढीला कोणी सांगितले नव्हते.

संगणकाच्या इतिहासातही हा उघडेपणा आरंभी होता. १९७७च्या ॲपल-टूचे झाकण नुसत्या हाताने उचलता येई आणि आत जोडपट्ट्यांसाठी आठ खाचा दिसत. १९८१मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा त्याचे विद्युत-आराखडेही तांत्रिक पुस्तिकेत छापून विकले. याउलट १९८४चा मॅकिन्टॉश लांब दांड्याच्या खास पेचकसावाचून उघडतच नसे. ही दोन घराणी तेव्हापासून समांतर चालत आली आहेत. पहिल्या दशकातल्या बऱ्याचशा लॅपटॉपना तळाशी छोटी दारे असत. एक स्मृतीपट्टीचे, एक हार्ड डिस्कचे. पुढे यंत्रे सडपातळ होत गेली. २००८च्या मॅकबुक एअरपासून स्मृती मुख्य पाटीवरच डाख देऊन बसवलेली दिसू लागली, आणि २०१२च्या नव्या मॅकबुक प्रोमध्ये बॅटरीही चिकटवून टाकली गेली. यंत्र हलके झाले खरे. पण वाचकाने पानात खूण घालू नये म्हणून पुस्तक चारी बाजूंनी शिवून द्यावे, तसा हा प्रकार आहे.

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक संकेतस्थळ सुरू केले. समितीने निवडलेल्या क्षेत्रांत मोबाइल, घरगुती उपकरणे, वाहने यांच्याबरोबर शेतीची अवजारेही होती. निफाडच्या द्राक्षबागाईतदाराला हे सांगायला समिती लागत नाही, हा भाग निराळा.

मराठीचा आणि संगणकाच्या पोटाचा थेट संबंध आला तो जिस्ट कार्डाच्या निमित्ताने. आजच्या विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक नसते. आयआयटी कानपूरमध्ये देवनागरीच्या संगणकीकरणावर जे संशोधन झाले, त्यातून हे तंत्र निघाले आणि १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर तेथे वाढले. साध्या संगणकाला त्या काळी रोमन अक्षरांपलीकडे काही दिसत नसे. मग करायचे काय, तर खोक्याचे स्क्रू काढायचे, आतल्या रिकाम्या खाचेत हे कार्ड दाबून बसवायचे आणि झाकण लावायचे. त्यानंतर त्याच यंत्रावर, त्याच आज्ञावल्यांत 'क' उमटे. आपली लिपी संगणकात वरून आली नाही, तिला कोणीतरी पेचकसाने आत बसवले, हे वाक्य आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. पण ते अक्षरशः खरे आहे. त्याच परंपरेतून इस्की ही संकेतप्रणाली प्रमाणित झाली (१९९१), आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या आधीच्या आराखड्यावरच बेतलेली आहे.

असो. आमच्या टेबलाकडे परत येऊ.

टकटक करणारी डिस्क पुनःपुन्हा सुरू करू नये, हे आम्हांला संगणक विभागातल्या एका विद्यार्थिनीने सांगितले. प्रत्येक खेपेस आतली सुई तबकडीला जखम करू शकते. म्हणून क्रम ठरला: आधी बॅटरी काढायची, मग डिस्क बाहेर घ्यायची, ती बाहेरच्या खोळीत घालून दुसऱ्या यंत्राला जोडायची आणि सर्वांत आधी तो एकच फोल्डर उतरवून घ्यायचा. बाकी सारे नंतर. उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पुरवणीवर आम्ही लॅपटॉपच्या तळाची आकृती काढली आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने डकवला. स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबीत फरक असतो. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो आतल्या पाटीत घुसतो. सगळे निघूनही झाकण हलेना. दोन स्क्रू मागच्या रबरी पायांखाली दडलेले होते. पोथीच्या पुष्पिकेत लेखनिकाचे नाव शोधावे, तसे ते शोधावे लागले.

झाकण निघाले तेव्हा आत पंख्यावर राखाडी नमद्यासारखी धूळ बसलेली होती. सर खडूचे होते. फळ्यावरून थेट येऊन टंकलेखनाला बसत. ती धूळ झटकताना आम्ही दोघे काही बोललो नाही.

डिस्क पंधरा-वीस मिनिटे टिकली. फोल्डर उतरला. त्याच्यापाठोपाठ त्या मुलीने आपण होऊन फॉन्टचा फोल्डरही उतरवून घेतला. त्याचे महत्त्व आम्हांला तेव्हा कळले नाही. तिसऱ्या फोल्डरला टकटक पुन्हा सुरू झाली आणि डिस्क कायमची मिटली. नंतरचे काम सोपे होते. जुन्या डिस्कच्या जागी फिरता भाग नसलेली एसएसडी बसवली. स्मृतीपट्टी वाढवताना आमची फजिती झाली: उत्साहाने डीडीआर-फोर पट्टी आणली, यंत्र डीडीआर-थ्रीचे. दोहोंतली खाच निरनिराळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. घडवणाऱ्याने वापरणाऱ्याच्या अज्ञानाची ही जी दखल घेतली आहे, तिच्याबद्दल आम्हांला आदर वाटतो. बरोबर पट्टी तिरपी घालून खाली दाबली, दोन्ही कडांच्या चापांनी 'टक्' असा आवाज केला, आणि यंत्र पहिल्याच खेपेस उठले. काकूंना फोन केला. "चालू झाला? मग आता तुम्हीच ठेवा," एवढेच त्या म्हणाल्या.

फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरे, आकडे आणि प्रश्नचिन्हे यांचा खच. सरांनी नव्वदच्या दशकात एका जुन्या फॉन्टमध्ये टंकलेखन सुरू केले होते आणि शेवटपर्यंत तो सोडला नव्हता. अशा फॉन्टांत संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असते. त्यावर मराठी मुखवटा तेवढा चढवलेला. महानुभावांची सकळ लिपी हीच गोष्ट. अक्षरांच्या जागा बदललेल्या, किल्ली पंथाबाहेर नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्या प्रयत्नांनी तिची उकल होईपर्यंत शेकडो वर्षांचे मराठी गद्य डोळ्यांसमोर असून अदृश्य होते. आमची किल्ली त्या दुसऱ्या फोल्डरात होती. फॉन्ट बसवला आणि यादी उमटली.

ती युनिकोडमध्ये आणण्यासाठी परिवर्तक वापरला. त्याने बहुतांश काम चोख केले. अडला तो अर्ध्या 'र'पाशी. 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' यांतला भेद आपण पहिल्या वर्षाला शिकवतो. परिवर्तकाला तो शिकवलेला नव्हता. त्याने सगळ्या चंद्राकृती रकारांचे रफार करून टाकले. त्यामुळे सरांच्या यादीत त्र्यंबकच्या डोंगरांमध्ये जागोजागी 'दर्या' पसरला आहे. प्रत्येक ठिकाणी 'दऱ्या' हवे आहे. शोधून एकदम बदलावे म्हटले, तर एका नोंदीत खरोखरच दर्या आहे: पावसाळ्यात भरलेल्या खाचरांना एका म्हाताऱ्या बाईने वापरलेला शब्द म्हणून सरांनी तो टिपला आहे, गावाच्या नावासह. तेव्हा एकेक नोंद सरांच्या हस्तलिखित वह्यांशी ताडून पाहणे आले. वह्या काकूंकडे आहेत. दर शनिवारी दुपारी आम्ही तिकडे जातो; 'प'पर्यंत आलो आहोत.