दादाचा प्रश्न आणि मण्यांची माळ

आज लिहितो आहे ते खरे तर एका माणसाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे. तो माणूस आता नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. आमच्या घरातल्या मंडळींना तो लगेच ओळखू येईल.

मार्च २०२१ मधली गोष्ट. साठीच्या वरच्यांना करोनाची लस द्यायला नुकतीच सुरुवात झाली होती. मी आणि सौ. महाडला जाऊन टोचून आलो आणि पुढच्या रविवारी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, वाडीवर, दादाकडे गेलो. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मुंबईत गिरणीत होता. ब्याऐंशीच्या संपानंतर गावी आला तो कायमचाच. शाळा चौथीपर्यंत, पण प्रश्न असे विचारायचा की माझ्यासारख्या बी.ए. झालेल्याची पंचाईत व्हावी.

"मास्तर," दादा म्हणाला, "ही लस म्हणं काँप्युटरनं दोन दिसांत काढली. पोरांनी मोबाईलवर दाखवलं. काँप्युटर पावसाचं सांगतो ना, तसंच हे. पडला तर पडला, नाय तर नाय. मग दंडात कशाला टोचून घ्यायचं?"

मी हसलो आणि म्हणालो, "अरे दादा, असं काही नसतं. मोठमोठ्या लोकांनी तपासलेलं असतं." चौतीस वर्षे वर्गावर काढलेल्या माणसाला आपण उत्तर दिले की वेळ मारून नेली हे आतून कळते. दादालाही कळले. त्याने विषय बदलला, आंब्याच्या मोहोराचे बोलू लागला. लस त्याने घेतली नाही. मे महिन्यात दादा गेला, करोनानेच. लस घेतली असती तर वाचलाच असता असे मी म्हणत नाही. पण त्याचा प्रश्न खरा होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते, एवढे मात्र मनातून जात नाही.

माझी एक पुतणी पुण्याला जैवमाहितीशास्त्र शिकवते. तिच्याकडून आणि तिने दिलेल्या कागदांवरून गेल्या काही वर्षांत जे समजले ते माझ्या भाषेत मांडतो. चूक असेल तर ती माझी, तिची नव्हे.

आधी थोडे मागे जाऊ. माझ्या डाव्या दंडावर देवीची खूण आहे. आमच्या लहानपणी 'देवी डॉक्टर' गावात आला की आया पोरांना माळ्यावर लपवत. हिंदुस्थानात ही देवी पहिल्यांदा टोचली गेली ती आपल्या मुंबईतच, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. पुढे प्लेग आला तेव्हा हाफकिन साहेबांनी मुंबईत प्लेगचे जंतू वाढवून, उष्णतेने मारून लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. या लशींत जंतू अख्खाच्या अख्खा वापरलेला असे, कधी जिवंत, कधी मेलेला. शरीर त्यातले नेमके काय ओळखते हे कुणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक नसतानाही लस चालली, देवीचा तर या पृथ्वीवरून नायनाट झाला! पण प्रश्न उरलाच. शरीर ओळखते म्हणजे काय ओळखते?

पुतणीने मला हे मण्यांच्या माळेवरून समजावले. विषाणूच्या अंगावरची प्रथिने म्हणजे माळा. मणी वीस प्रकारचे, त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. शेकडो मण्यांची ही माळ सरळ टांगलेली नसते, तिची गुंतवळ झालेली असते. आपल्या रक्तातल्या बी-पेशी प्रतिपिंडे तयार करतात. ती प्रतिपिंडे त्या गुंतवळीच्या बाहेरच्या बाजूला कुठेतरी एका छोट्याशा जागी चिकटतात. त्या जागेला एपिटोप म्हणतात. टी-पेशींची रीत वेगळी. त्यांना गुंतवळ दिसतच नाही. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आतल्या माळांचे तुकडे करते आणि आठ-दहा मण्यांचा एखादा तुकडा जणू तळहातावर धरून बाहेर दाखवते. मारेकरी टी-पेशी तो तुकडा तपासते, आणि तो परका वाटला तर ती पेशीच मारून टाकते. टी-पेशी आणि तळहात यांचे हे नाते झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ साली ऑस्ट्रेलियात दाखवले, त्यांना १९९६ चे नोबेल मिळाले.

आता लस करणाऱ्याच्या मनात साहजिकच येते की अख्खा विषाणू कशाला? नेमका तुकडाच दिला तर? पण शेकडो मण्यांतून तो शोधायचा कसा? एकेक तुकडा प्रयोगशाळेत तपासायचा तर वर्षे जातील. इथे संगणक आला. आणि मला अभिमान वाटला तो याचा, की या कामातले एक फार लवकरचे पाऊल आपल्या पुणे विद्यापीठात पडले आहे.

साल १९९०. डॉ. अशोक कोळस्कर (हे पुढे त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले) आणि प्रसाद टोणगावकर यांनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. प्रतिपिंडे कुठे चिकटतात हे प्रयोगाने आधीच सिद्ध झालेले तुकडे त्यांनी गोळा केले आणि त्यांत कोणते मणी जास्त वेळा येतात ते मोजले. त्यावरून प्रत्येक मण्याला एक अंक दिला. मग नवी माळ घ्यायची, सात-सात मण्यांची सरासरी काढत एकेक मणी पुढे सरकायचे, आणि सरासरी जिथे वर जाते तिथे खूण करायची. बस्स! मी हे वहीत हाताने करून पाहिले. सातवीच्या पोराला जमेल असे गणित आहे. त्यांचा दावा होता की सुमारे ७५ टक्के वेळा अंदाज बरोबर येतो. ही पद्धत त्या दोघांच्या नावाने आजही जगभर वापरली जाते.

पण माळ गुंतलेली असते हे विसरून चालत नाही. सरळ माळेत लांब लांब असलेले दोन मणी गुंतवळीत शेजारी येऊन बसतात आणि प्रतिपिंड दोघांना मिळून ओळखते. म्हणून कोळस्कर आणि डॉ. उर्मिला कुलकर्णी-काळे यांनी पुढची पायरी घेतली. विषय होता जपानी मेंदूज्वर, पोरांना होणारा अतिशय वाईट रोग. त्याच्या विषाणूच्या कवचातल्या प्रथिनाचा आकार तेव्हा ठाऊक नव्हता. पण गोचिडीमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा, म्हणजे त्याच्या चुलत भावाचाच म्हणा, आकार १९९५ मध्ये उलगडला होता. त्या चुलत भावाच्या चेहऱ्यावरून यांनी याचा चेहरा संगणकावर उभा केला आणि प्रतिपिंडे कुठे बसतील त्या जागा दाखवल्या. हे काम १९९९ साली प्रसिद्ध झाले. २००५ मध्ये गुंतवळीतले एपिटोप शोधून देणारी सोय त्यांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली केली.

पुण्यातच पाषाण-सूस रस्त्याला राष्ट्रीय विषाणू संस्थेची शाखा आहे आणि कॅम्पात तिची जुनी इमारत. तिथल्या शास्त्रज्ञांनी बी-पेशींचा तुकडा आणि त्याला मदत करणारा टी-पेशींचा तुकडा जोडून उंदरांना टोचले. उंदरांना संरक्षण मिळाल्याचे त्यांनी २००७ साली प्रसिद्ध केले.

इथे मी पुतणीला विचारले, "मग त्याची लस झाली का?" ती म्हणाली, "नाही काका."

२०१३ साली जपानी मेंदूज्वराची भारतीय लस बाजारात आली खरी. तिच्यातला विषाणूही पुण्याच्याच संस्थेने दिलेला, मूळचा कर्नाटकातल्या कोलारचा. पण लस होती जुन्या पद्धतीची, अख्खा विषाणू मारून केलेली. हाफकिन साहेबांच्याच वाटेवरची म्हणा ना.

मी जरा हिरमुसलो. पण पुतणीने आणखी एक कागद पुढे ठेवला. २००५ साली इंग्लंडमध्ये ब्लाइथ आणि फ्लॉवर या दोघांनी मण्यांना अंक देण्याच्या ४८४ वेगवेगळ्या पट्ट्या घेऊन त्या ५० प्रथिनांवर तपासल्या. निष्कर्ष असा, की उत्तम पट्ट्याही नाणे उडवण्यापेक्षा थोड्याच बऱ्या. म्हणजे नुसत्या सरळ माळेवरून प्रतिपिंडाची जागा सांगणे हे वाटले होते त्याहून फार अवघड. मला यात लाज वाटण्यासारखे काही दिसले नाही. आपल्याच शास्त्राच्या वहीवर लाल शाईने खुणा करणारे लोक त्याच शास्त्रात आहेत, हे मला मास्तर म्हणून आवडले.

टी-पेशींच्या बाबतीत अंदाज पुष्कळ बरे येतात. तळहातावर कोणता तुकडा बसतो याचे नियम १९९१ साली जर्मनीत ट्युबिंगेनला सापडले: ठरावीक जागी ठरावीक मणी लागतो. पण गंमत अशी की हा तळहात माणसागणिक वेगळा! आईकडून एक संच, बापाकडून एक. युरोपातल्या लोकांत ए-२ कुळातला जो प्रकार सर्रास दिसतो, त्याच कुळातला थोडा वेगळा प्रकार आपल्याकडे बराच आढळतो. ज्यांचे रक्त जास्त तपासले गेले त्यांच्याबद्दल संगणक जास्त खात्रीने बोलतो. आमच्या सावित्रीच्या खोऱ्यातल्या माणसाच्या तळहाताबद्दल त्याला सांगायचे तर आधी कुणीतरी ते तळहात पाहायला हवेत. यंत्राला जे दाखवले नाही ते यंत्र कुठून सांगणार?

अंदाजाचा पडताळा कसा घ्यायचा त्याचे एक चांगले उदाहरण करोनाच्या काळातलेच आहे. २०२० च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या ला होया इथल्या शास्त्रज्ञांनी नव्या विषाणूतले कोणते तुकडे टी-पेशी ओळखतील याची संगणकावर यादी केली. मग ते तुकडे खरोखर बनवून बऱ्या झालेल्या वीस माणसांच्या रक्तात घातले. मे महिन्यात निकाल आला: मदतनीस टी-पेशींनी विसांच्या विसांत ओळख दाखवली, मारेकऱ्यांनी सुमारे सत्तर टक्क्यांत. अंदाज लागला होता. उलट एड्सच्या विषाणूवर जास्तीत जास्त तुकडे सामावतील अशी 'मोझेक' लस संगणकाने आखली होती. तुकड्यांचा हिशोब चोख होता. आफ्रिकेत सुमारे २६०० स्त्रियांवर चाचणी झाली आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये कळले की पुरेसे संरक्षण मिळत नाही. तशीच दुसरी मोठी चाचणी जानेवारी २०२३ मध्ये थांबवली. संगणक चुकला असे नाही. त्याला विचारले होते 'ओळखेल का?'. 'वाचवेल का?' याचे उत्तर फक्त माणसांवरची चाचणीच देऊ शकते.

आता दादाच्या प्रश्नाकडे येतो.

दादा, तुझ्या मोबाईलवर आले होते त्यात थोडे तथ्य होते. अमेरिकेतल्या मॉडर्ना कंपनीने जानेवारी २०२० मध्ये विषाणूची अक्षरे जाहीर झाल्यावर दोनच दिवसांत लशीचा आराखडा पक्का केला. पण तो आराखडा, लस नव्हे. त्याच्यामागे जुन्या करोना विषाणूंवरचे कित्येक वर्षांचे काम होते आणि पुढे तीस हजार माणसांवरची चाचणी. परवानगी मिळायला डिसेंबर उजाडला. शिवाय आपल्याकडे महाडात ती लस नव्हतीच. मला दिली ती कोविशील्ड. तिच्यात विषाणूच्या काट्याचे अख्खे प्रथिन बनवायची सूचना होती, निवडलेला तुकडा नव्हे. कोव्हॅक्सिनमध्ये तर अख्खा मेलेला विषाणू, तोही पुण्याच्या संस्थेने वेगळा काढलेला. तू ज्याला भीत होतास ते त्या कुपीत नव्हतेच, दादा. हे मला तेव्हा सांगता आले असते तर...

आणि पावसाच्या अंदाजाचे म्हणालास. तू गेल्यावर दोन महिन्यांनी, २२ जुलैला, महाडात पाणी शिरले आणि तळियेवर डोंगर आला. ऐंशीच्या वर माणसे गेली. कोकणात अतिवृष्टी होणार हा इशारा हवामान खात्याने दिलेला होता. कोणता डोंगर सुटेल हे त्यात नव्हते. महाडात कितीतरी घरांच्या भिंतींवर पुराची रेघ मारून ठेवलेली असते, तारखेसकट. ती रेघ म्हणजे झालेली गोष्ट, अंदाज नव्हे. पण त्या रेघा मोजूनच पुढचा अंदाज सुधारतो. लशीचेही तसेच आहे रे. संगणक एवढेच सांगतो की शंभर ठिकाणी नको, या पाच ठिकाणी बघा. बघायचे माणसांनाच लागते आणि रेघही माणसांनाच मारावी लागते. आणि पडला तर पडला म्हणून आपण छत्री घरी ठेवत नाही. तू तर मिरगाआधी इरले काढून ठेवायचास.

असो. उत्तर द्यायला उशीर झाला. वाडीवरच्या पोरांना यंदा गणपतीत सात मण्यांच्या सरासरीचे ते गणित करून दाखवायचे ठरवले आहे. त्यांच्यातला एखादा तरी दादासारखा प्रश्न विचारील. या वेळी माझी वही तयार असेल.